छपरावरचे मामंजी

मामंजी ऐन थंडीत गेले आणि आम्ही त्यांना चादरीत गुंडाळून छपरावर ठेवलं. आमच्या केरासच्या डोंगरात हिवाळ्यात गेलेल्या माणसाची हीच रीत. जमिनीत पहार मारावी तर पहारच वाकते. म्हणून बर्फ वितळेपर्यंत माणूस घराच्या डोक्यावर, बर्फाखाली.

यंदा मात्र फेब्रुवारीतच दक्षिणेचा उबदार वारा सुटला. छपरावरून ठिबक सुरू झाली ती थांबेचना. खाली गोठ्यात गाई अस्वस्थ, वर मी. हाती घेतलेलं एक काम धड होईना. सारखी शिडी चढायची, घरामागच्या सावलीतला बर्फ टोपल्या भरभरून वर न्यायचा आणि मामंजींवर थापायचा.

शेजारचा बार्थेलेमी शिडीखाली येऊन म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याचं लोणचं घालताय की काय? चर्चच्या भिंतीला ऊन लागून माती सुटलीय तिथं. उद्या खणूया."

"मला काय सांगता, भाऊजी? आत जा आणि सासूबाईंना सांगा."

सासूबाई ऐकतील तर शपथ! "शाफ्रे येईपर्यंत नाही," एवढंच त्यांचं पालुपद.

शाफ्रे म्हणजे माझा नवरा. दर हिवाळ्यात कापडाचं गाठोडं पाठीला मारून तो खालच्या मुलखात फेरीला जातो. यंदा निघताना बापलेकांची जुंपली. हा म्हणाला, गुरं विकून शहरात दुकान थाटू. मामंजी म्हणाले, "मग पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो निरोपही न घेता गेला. बाप गेल्याचं त्याला कळवणार तरी कुठं? फेरीवाला आज या गावात, उद्या त्या.

"बापाचं तोंड बघू दे त्याला एकदा," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर माफी कुणाची मागेल? मातीची?"

"आणि तोंडच राहिलं नाही तर?" मी फटकन बोलून गेले. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग एका दुपारी छपरावरचा बर्फ धाडकन अंगणात घसरला. मामंजी तुळईला बांधलेले म्हणून वरच राहिले, पण चादर सुटली. मी धावेपर्यंत सासूबाई घागरा खोचून शिडीवर. बराच वेळ वर बसून होत्या. खाली उतरल्या तेव्हा ओठ पांढरेफटक.

"बार्थेलेमीला बोलव," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं ते माझ्या पोरानं पाहायचं नाही."

त्याच दिवशी माती दिली. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वारा काही थांबेना आणि नवीच धास्ती बसली. शाफ्रेला सांगायचं कसं? "मी सांगेन. तू तोंड उघडू नकोस," सासूबाईंनी बजावलं.

त्याच वाऱ्यानं परतीच्या वाटेवरची खिंड लवकर मोकळी झाली. आठवडाही उलटला नसेल, खिडकीतून मला तो उतारावर दिसला. आमचे पुरुष परतताना आधी छपरं बघतात, हिवाळ्याची बातमी तिथंच असते. तोही वळणावर थांबला. एकेक छप्पर बघत त्याची नजर आमच्या छपरावर आली. आमचं छप्पर ओलं, स्वच्छ, मोकळं. त्यानं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि चक्क पळत सुटला.

दार ढकलून आत आला तो हसतच. "जीव भांड्यात पडला! वाटभर नुसती धाकधूक. म्हातारा रागाच्या भरात गेला-बिला असता तर?" गाठोड्यातून त्यानं नवीकोरी चिलीम काढली. "आई, बाबा कुठंयत? गोठ्यात? थांब, हाक मारू नकोस. मीच जातो. आधी माफी, मग जेवण."

सासूबाईंनी तोंड उघडलं.

तो चिलीम घेऊन गोठ्यात गेलासुद्धा. "बाबा!" त्याची हाक आली. "अहो बाबा, मी आलोय!"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठले आणि त्याच्यामागे गेले.