अडतीस ठोके

"तोंडावरची माती तडकली, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस!"

बापाचा हा आवाज तानुईच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. वयात येण्याच्या दीक्षेच्या दिवशी पोरांच्या तोंडाला माती लिंपत. ती वाळली की सुंतेचं पातं चाले, आणि कपाळावर एक आठी जरी पडली तरी माती तडकून गावाला कळे, की हा भित्रा निघाला. तानुईची माती तडकली नाही. धाकट्या भावाची, लागाटचीही नाही. सोसायचं आणि बोलायचं नाही, हेच दूध पिऊन ही डोंगरातली माणसं वाढली, नि त्याच बळावर जगाच्या पुढे धावली.

आता त्याच डोंगरातल्या इतेन गावी तानुईची धावपटूंची छावणी होती. पहाटे उठल्याबरोबर सगळ्यांनी गळ्याला बोटं लावून नाडी मोजायची. ज्याची नाडी सर्वांत संथ, त्याला चहाचा पहिला पेला.

"चव्वेचाळीस!"

"चव्वेचाळीस? म्हणजे कोंबडीच की रे तू! हो मागे."

"अडतीस," चेलागाट म्हणे, आणि पेला तिच्याकडे जाई. लागाटची ही एकुलती लेक, एकोणीस वर्षांची. चढणीवर सगळ्यांना धाप लागे, तेव्हा ही गुणगुणे:

*टेकडी माझी सासू बाई, बोलून बोलून थकली,*
*पाऊल माझं हलकं बाई, मान नाही वाकली.*

मंगळवारी त्याच चढणीवर ती कोसळली. "दगड लागला," पोरं म्हणाली. "दगड लागला," तीही म्हणाली. नऊ दिवसांवर एल्डोरेटची निवड शर्यत होती, आणि तिथे डॉक्टरचा दाखला लागत होता.

डॉक्टर जेबिवोट याच गावची. तिनं त्याच दुपारी यंत्रावर चेलागाटचं हृदय बराच वेळ पाहिलं, मग तानुईला आत बोलावलं.

"कोच, हिचं हृदय मोठं आहे. भिंत जाड आहे."

"असणारच! सहा वर्षं पळतेय पोरगी. अडतीस ठोके आहेत तिचे."

"ठोक्यांचं कौतुक मला नका सांगू. रोज पळणाऱ्याचं हृदय वाढतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला घाई नसते. ते कमावलेलं हृदय. पण आजारानंही भिंत जाड होते. ते हृदय धावता धावता एकाएकी ठेचाळतं, आणि मग उठत नाही. हिची भिंत दोघांच्या सीमेवर आहे. निवाडा यंत्र करत नाही, माणसं करतात." ती चेलागाटकडे वळली. "धावताना शुद्ध हरपली होती?"

"नाही. दगड लागला."

"तळहात दाखव."

चेलागाटनं हात पुढे केले. स्वच्छ होते. हनुवटीवर मात्र चार टाके.

"अडखळणारा माणूस हात टेकतो गं," डॉक्टर हळूच म्हणाली. "तू टेकले नाहीस. कारण पडताना तू तिथं नव्हतीसच."

चेलागाटनं मान खाली घातली.

"आता तुम्ही सांगा, कोच. घरात कोणी तरुणपणी असं अचानक गेलं? हिचे वडील?"

"मलेरियानं," चेलागाटच म्हणाली. "मी पाच वर्षांची होते. हो ना, मोठे बाबा?"

मलेरिया! हा शब्द तानुईनंच गावात पेरला होता. लागाट तापानं गेला नव्हता, दूर परमुलखात, भर शर्यतीत, सडकेवर पालथा पडून गेला होता. पण ज्या घराचं काळीज दगा देतं, त्या घरची लेक सून कोण करून घेणार, त्या घरच्या धावपटूला कोण निवडणार? म्हणून मलेरिया. चौदा वर्षं मलेरिया.

"घरात तसं कोणी गेलं असेल, तर आजच तिचे बूट काढून ठेवायचे," डॉक्टर म्हणाली. "कदाचित कायमचे. खोटं बोललात तर नऊ दिवसांनी ती धावेल. पुढचं मी सांगायला नको."

"मोठे बाबा, सांगा ना यांना!" चेलागाटच्या डोळ्यांत पाणी आलं. "धावणं सोडून मला काय येतं? मलेरियानंच गेले, सांगा ना!"

हो म्हणणं किती सोपं होतं! पोरगी हसली असती, छावणी हसली असती. तानुईनं तिच्या हनुवटीकडे पाहिलं. अरेरे! सोसायला शिकवलं आपण, आणि सोसता सोसता मरायलाही!

वाचकहो, आपलं दुःख गिळणं हे शौर्य असेलही. पण दुसऱ्याचं दुखणं घराण्याच्या अब्रूखाली दडपणं याला शौर्य म्हणत नाहीत, हत्या म्हणतात. आजार लपवणारं घर आपली अब्रू वाचवतं आणि आपली लेकरं पुरतं. ही गोष्ट फक्त त्या डोंगरातली नाही.

"मलेरिया नव्हता," तानुई म्हणाला. "शर्यतीत गेला तो. धावता धावता."

चेलागाट रडायची थांबली.

"बाबा आधी कधी पडले होते?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. तानुई पुतणीकडे वळला.

"दोनदा. दोन्ही वेळा येऊन त्यानं मला सांगितलं, 'दादा, डोळ्यांपुढे अंधार येतो, मला भीती वाटते.' आणि दोन्ही वेळा, पोरी, मीच त्याला म्हणालो, गप्प बस, आणि पळ."