उलट्या क्रमाची कॉफी

झेनिकाहून त्राव्निकची बस सुटली तेव्हा पिटेचा थाळा मांडीवर घेऊन, दोन्ही कोपरं रोवून मी बसले होते. कुणी धक्का मारून तर बघावं!

"मावशी, बुरेक वाटतं?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"मेल्या, बुरेक म्हणजे आत मांसच. ही पातळ पोळीत पालक गुंडाळून भाजलेली पिटा. घरी काही शिकवलं नाही का तुला?"

पिटा शेफिकाताईसाठी होती. उद्या ती कायमची स्वीडनला, मुलाकडे निघाली होती. आई गेली तेव्हा तिच्या पितळी कॉफी-दळणीवरून आमचं जे वाजलं, ते अजून मिटलं नव्हतं. दळणी ताईने नेली, बोलणं मी टाकलं. आता मी फोन केला की ती आपटते. पण समोर बसलेल्या बहिणीला कशी आपटणार? आज तिला बोलतं केल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच मी निघाले होते.

त्राव्निकात बाजार भरला होता. चीजवाल्या बायका सुरीच्या टोकावर तुकडा धरून हाका मारत होत्या. एरवी मी दहा ठिकाणी चाखून भाव पाडला असता. आज सरळ घड्याळ-मनोऱ्यामागची गल्ली चढले.

ताईने दार उघडलं आणि पाठ फिरवून ती आत गेली. खोलीभर बांधलेल्या बॅगा. थोड्या वेळाने तिने कॉफी आणून माझ्यापुढे आदळली. आमच्याकडे पाहुण्याला पहिली कॉफी 'या, बसा'ची, दुसरी गप्पांची आणि तिसरी 'निघा आता'ची.

"ही तिसरी," ताई म्हणाली. "पहिल्या दोन झाल्या असं समज."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर आलेलं सगळं कॉफीबरोबर गिळलं.

"छान झालीय. आता दुसरी आण."

"काय?"

"तू शेवटून सुरुवात केलीस ना? मग आता गप्पांची, आणि मग 'या, बसा'ची. तोवर मी हलत नाही."

"तुझी बस जाईल."

"जाऊ दे."

"खेचर कुठली!"

"आईवर गेलेय."

दुसरी आली. मी पिटा कापली. ताई "मीठ कमी आहे" म्हणाली आणि खातच राहिली. मग एकदम रडायलाच लागली. "तिथे मी कुणाशी बोलू गं?"

"माझ्याशी. फोन आपटलास तर थाळा घेऊन विमानाने येईन." हे बोलताना मलाही रडू आवरेना.

शेवटची बस भोंगा वाजवत गेली. ताई उठली, एक बॅग सोडली, स्वेटरांच्या घडीतून आईची दळणी काढली आणि ताजे दाणे दळायला बसली. दळून झाल्यावर म्हणाली, "ऊठ. बूट घाल आणि बाहेर जा."

"अगं ताई..."

"जा म्हणते ना!"

झालं, काढलंच हिने! मी बूट चढवले, बाहेर आले. पाठीमागे दार लागलं. पायरीवर उभी राहून मी डोळे पुसतेय, तोच दार उघडलं.

"अगं बाई, झुम्रेता!" ताई म्हणाली. "ये, ये. कॉफी चढवलीच आहे."