झाड चिडलंय

प्रयोगशाळेत मावशींचं काम एकच, गोगलगाई सांभाळायच्या. काचेच्या पेट्या धुवायच्या, तळाशी ओलं फडकं घालायचं, काचघरातल्या कुंड्यांमधली पानं तोडून आणायची. बावीस वर्षं हेच.

एका आठवड्यात गोगलगाईंनी खाणंच टाकलं. संशोधन करणाऱ्या मॅडम हवालदिल झाल्या.

"रोग आलाय, मावशी. सगळ्या टाकून नव्या आणू."

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "टाकायच्या? अहो, आजारी गोगलगाय शंखात शिरून बसते. या तर पानापाशी जातात, एक घास घेतात नि तोंड फिरवतात. माझी पहिली भाजी खाऊन आमचे हे अस्से उठले होते ताटावरून!"

मॅडमना हसू फुटलं. "मग पानात काही आहे म्हणता?"

मावशी घुटमळल्या. सांगायचं म्हणजे स्वतःचा आळस कबूल करायचा. पण गोगलगाई कचऱ्यात जाण्यापेक्षा ते परवडलं.

"गुडघा दुखतोय म्हणून आठवडाभर दारातल्या चार कुंड्यांचीच पानं ओरबाडली मी. झाड चिडलंय, मॅडम. पान कडू करून ठेवलंय त्यानं."

त्या लंगडत काचघराच्या टोकाला गेल्या आणि हात न लागलेल्या कुंडीतलं पान घेऊन आल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या पानाची नुसती शीर उरली.

विभागाच्या मोठ्या सरांना मात्र पटेना. "एका पानावरून काय ठरतं?" त्यांनी बारा पेट्या मांडल्या. प्रत्येकीत दोन पानं, एक ओरबाडलेल्या झाडाचं, एक न दुखावलेल्याचं. कुठलं कुठे, ते फक्त त्यांच्या वहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणं उघडली. सर वही बघत एकेका पेटीपाशी थांबत होते. बारातल्या अकरा पेट्यांत न दुखावलेल्या झाडाचं पान फस्त झालं होतं आणि दुसऱ्याला जेमतेम एखादं भोक.

सरांनी चष्मा काढला. "झाडाला जखम झाली की ते पानात कडू रस वाढवतं, हे आम्ही पुस्तकात वाचलं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांनीच," मावशींनी पेट्यांकडे बोट दाखवलं. "रोज वाढणारीला कळतंच की, कोण कशाला नाक मुरडतंय ते."

शुक्रवारच्या बैठकीत सरांनी त्यांनाच उभं केलं. समोर तीस शिकलेली माणसं, सगळ्यांच्या वह्या उघड्या. सुरुवातीला मावशी नुसत्या पुटपुटल्या, पण गोगलगाईंचं नाव निघताच आवाज खणखणीत झाला. स्वतःचा आळससुद्धा त्यांनी लपवला नाही. लोक हसले, नि तेही लिहून घेतलं.

पाहुणे म्हणून आलेल्या एका शास्त्रज्ञानं विचारलं, "तोडल्यावर किती वेळात पान कडू होतं?"

मॅडम उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात मावशींनी त्यांना हातानं थांबवलं.

"ते अजून कळायचंय," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "सोमवारपासून मी लागतेय त्याच्या मागे."