लहरीचे शेजारी

तिने दुर्बिणीच्या भिंगांवर झाकणं बसवली, पट्टा गुंडाळला आणि ती जुन्या स्वेटरमध्ये बांधायला घेतली. स्वेटरच्या बाह्या आखूड, गाठ काही बसेना. नवरा दारात उभा राहून बघत होता.

“हे काय चाललंय?”

“देऊन टाकते. कुणातरी चांगल्या डोळ्यांच्या माणसाला.”

“अगं, रविवारची सकाळ आहे. निदान चहा तरी होऊ दे.”

“तुम्ही घ्या चहा.” तिने गाठ आवळली.

ती रंगखान्यात शेड जुळवायची. टाकीतून निघालेला कापडाचा तुकडा नमुन्याशी जुळला की नाही, हे सत्तावीस वर्षं तिचे डोळे ठरवत आले होते. सगळे तिला शेडबाईच म्हणत. तिने मान हलवली की लॉट पुढे जाणार, नाही हलवली की खुद्द मालकांचीही बोलायची टाप नव्हती. पण गेल्या चार महिन्यांत एका मोठ्या गिऱ्हाइकाचा निळा लॉट तीनदा परत आला. ‘नमुन्यापेक्षा फिका,’ एवढंच लिहून. तिने तिन्ही वेळा तुकडा नमुन्याला लावून पाहिला, आणि तिन्ही वेळा तिला तो तंतोतंत दिसला. घाबरायचं कारण तेच होतं. तिच्या वडिलांचे डोळे याच वयात गेले, आणि आपल्याला स्वच्छ दिसतंय असं तेही कितीतरी दिवस सगळ्यांना ठणकावून सांगत होते.

शुक्रवारी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, “सोमवारपासून तुम्ही गोदाम बघा. डोळ्यांना ताण नको.” त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुर्बिणीचा नाद एकोणीस वर्षांचा. जेवणं आटोपली की ती गच्चीवर जायची आणि नवरा जिन्याच्या वरच्या पायरीवर वही घेऊन बसायचा, कारण त्याच्या बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांवर पडलेला तिला खपायचा नाही. एक तांबूस तारा होता. अकरा महिन्यांत उजळायचा, पुन्हा मंदावायचा, आणि त्यातही वेळ पाळेल तर शपथ. त्याचं नाव त्यांनी लहरी ठेवलं होतं. लहरीच्या आसपासचे न बदलणारे तारे, ते शेजारी. लहरी या शेजाऱ्यापेक्षा मंद, त्या शेजाऱ्यापेक्षा तेज, मग मधला आकडा कोणता, इतकंच ठरवायचं. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ती गच्चीवरून आकडा सांगायची, तो लिहायचा आणि महिनाअखेरीस ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे पाठवायचा. देशोदेशीचे शेकडो हौशी लोक तिथे असेच आकडे पाठवत.

दुसरा लॉट परत आला तेव्हा तिने त्याला बजावलं होतं, “माझे आकडे आता पाठवू नका. लोकांच्या कामात घाण नको.” बघणं मात्र सुटलं नव्हतं. शुक्रवारपासून तेही सुटलं.

“आधी हे बघ,” नवऱ्याने वहीतून घडी घातलेला कागद काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. “मग दुर्बीण कुणाला द्यायची त्याला दे. आणि ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे. मी आकडे पाठवत होतो.”

“नको म्हटलं होतं ना मी!”

“म्हटलं होतंस.”

कागदावर शेकडो काळे ठिपके होते, संस्थेकडे आलेल्या लहरीच्या सगळ्या आकड्यांचे; तारा जितका तेज तितका ठिपका वर. आधी खाली रेंगाळून मग डोंगर चढावा तसे ते वर गेलेले. त्यातल्या तिच्या चौदा ठिपक्यांभोवती त्याने लाल पेनाने गोल काढले होते. चौदाच्या चौदा गर्दीच्या मधोमध.

तिने कागदावरून नजर उचलून त्याच्याकडे बघितलं.

“तुम्ही आकडे सुधारलेत.”

“मी?”

“माझं तोंड उतरलेलं तुम्हाला बघवत नाही. वही तुमच्याकडे, अक्षर तुमचं. मी काय ओळखत नाही तुम्हाला?”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो खुर्ची ओढून बसला आणि चष्मा पुसत राहिला. तिचं बोट एकेका लाल गोलावरून सरकत चाललं होतं. चौथ्या गोलावर ते थांबलं.

सात पॉइंट नऊ. ती रात्र तिला लख्ख आठवली. लहरी तेव्हा उजळायला हवी होती, साडेसहापर्यंत तरी. तिने गच्चीवरून “सात पॉइंट नऊ” म्हटलं आणि जिन्यातून त्याचा आवाज आला, “नीट बघ. एव्हाना उजळली असणार.” “नीटच बघितलंय. लिहा!” त्यावरून दोन दिवस अबोला होता. आणि इथे कागदावर त्या तारखेला सगळेच ठिपके आठाच्या जवळपास, खालीच बसले होते. या खेपेला लहरीनेच तीन आठवडे उशीर केला होता. नवऱ्याला आकडा सुधारायचाच असता, तर पहिला तोच सुधारला असता.

“त्या दिवशी तुम्हाला वाटलं, मी चुकतेय.”

“हो,” तो चष्म्याकडे बघतच म्हणाला. “वाटलं. डोळ्याला डोळा लागला नव्हता रात्रभर. काल संस्थेचा हा आलेख छापून हातात आला, तेव्हा मी छापखान्याच्या बाकावर बसूनच राहिलो. छापखानेवाला बिचारा पाणी घेऊन धावत आला.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिने पदराने डोळे पुसले, कागद पुन्हा जवळ ओढला, चौदा गोल पुन्हा मोजले. “शाबूत आहेत हो माझे डोळे,” ती म्हणाली. “चांगले शाबूत आहेत!” चार महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने दोन कप चहा टाकला. तो उकळत असताना मात्र ती मध्येच गॅसपाशी थांबली.

“मग तो निळा फिका का?”

त्याला काय माहीत असणार. तिने चहा गाळला. लहरीला कधी एकाच शेजाऱ्यावरून मोजायचं नाही, तोच बिघडला तर काय करा, हे एकोणीस वर्षांपूर्वी तिनेच त्याला शिकवलं होतं. रंगखान्यात तिच्याकडे शेजारी एकच होता, तो नमुना.

सोमवारी ती गोदामावरून पुढे गेली आणि थेट शेडच्या खोलीत शिरली. निळ्याचा नमुना काचेच्या फ्रेममध्ये खिडकीसमोर टांगलेला होता. गेल्या वर्षी खोलीला रंग दिल्यापासून तिथेच. तिने तो उतरवला, कात्रीच्या टोकाने मागचे खिळे उचकटले आणि कापड बाहेर काढलं. मधला चौकोन तिच्या ओळखीचा होता. पण चौकटीच्या लाकडाखाली दबलेली चारी बाजूंची बोटभर पट्टी गर्द निळी होती.

तिने मालकांना बोलावून आणलं. त्यांनी कापड बघितलं, खिडकीतून येणारं ऊन बघितलं.

“इथे लावायला मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “शोभून दिसेल म्हणून.”

“दिसत होतं शोभून.”

मालकांनी मान खाली घातली. मग खाली वाकून त्यांनी तिची खुर्ची स्वतः टेबलापाशी सरकवली.

दुपारी तिने घरी फोन लावला.

“अहो, शेजारीच फिका पडला होता.”

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“दुर्बीण सोडवून ठेवू का?” त्याने विचारलं. “गाठ फार घट्ट बसलीय.”

“ठेवा. आणि आज मी आकडा सांगितला की गुपचूप लिहायचा.”