चौऱ्याऐंशी टक्के जुळणी

हुल्दाने तीच पूड तिसऱ्यांदा यंत्रावर ठेवली. तिच्या भावाच्या, टोरफीच्या मुतखड्याची पूड, जेमतेम चिमूटभर. हिऱ्याच्या इवल्याशा चकतीवर ती दाबायची, अवरक्त किरण सोडायचे, की पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटते. कुठले किरण गिळले गेले यावरून पदार्थ ओळखायचा. रेक्याविकच्या प्रयोगशाळेत हुल्दाची वीस वर्षं यातच गेली होती. माणसाचा चेहरा विसरेल, पण रेघ विसरायची नाही. आणि आज रेघ तिन्ही वेळा एकच सांगत होती, की हे आजवर समजत होते तसं युरिक ॲसिड नव्हे. हा जन्मजात आजाराचा खडा होता. रोज एक गोळी घेतली तर असे खडे होतच नाहीत, नाही घेतली तर किडन्या जातात. टोरफीच्या गेल्याच होत्या.

गुरुवारी हुल्दाची एक किडनी टोरफीला बसवायची होती. आज सोमवार.

मग हिचा जीव थाऱ्यावर राहील कसा? कॉफी ओतली, दोन घोट घेतले, उरलेली फेकली. खुर्चीवर बसली, उठली, हात धुतले, पुन्हा धुतले. नऊ वर्षांपूर्वी टोरफीचा पहिला खडाही हिनेच तपासला होता. अहवालात काय लिहिलं ते तिला पाठ होतं, तरी दुसऱ्याचं कपाट उघडावं तशी तिने चोरून जुनी फाइल काढली आणि जुनी रेघ नवीवर ठेवली.

तंतोतंत तीच.

जुन्या यंत्राच्या यादीत हा पदार्थच नव्हता. आणि यंत्र काही ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही, सगळ्यात जवळचं नाव पुढे करतं. ‘युरिक ॲसिड, जुळणी चौऱ्याऐंशी टक्के.’ नव्वदच्या खाली असेल तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा नियम नव्या मुलींना डाफरून शिकवणारी हीच बाई. अहवालाखाली सहीही हिचीच. त्यावरून डॉक्टरांनी टोरफीला भरपूर पाणी प्यायला आणि मांस कमी करायला सांगितलं. त्या भोळ्याने नऊ वर्षं ते इमानेइतबारे पाळलं, नाताळातलं धुरावलेलं मटणसुद्धा सोडलं.

सांगायची गरज तरी काय, असं मनात येऊन गेलंच. नवा अहवाल दिला की डॉक्टर गोळी चालू करतील. जुनी फाइल कोण उघडतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने फाइल जागेवर ठेवली आणि जिना उतरायला लागली. मग वाटलं, हा माणूस जन्मभर आपल्याला ‘तू मला वाचवलंस’ म्हणत राहणार. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोरफी डायलिसिसच्या खुर्चीत होता. हाताला नळ्या, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं क्लेना, पिळा घालून तळलेलं गोड वडं.

“आलीस? तुझी किडनी बसली की मलाही तुझ्यासारखी दिवसभर फरशी पुसायची खोड लागेल.”

“टोरफी, गुरुवारी नाही व्हायचं ते.”

“घाबरलीस होय?”

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. आधी गोळी, नाहीतर नवी किडनीही वाया जाईल. आजार सख्ख्या भावंडांत असू शकतो, म्हणून तिचीही तपासणी. “आणि नऊ वर्षांपूर्वीचा अहवाल माझा होता. यंत्राने दिलं ते नाव मी न बघता लिहिलं.”

टोरफीने हातातलं क्लेना बाजूला ठेवलं.

“गोळी केवढी असते?”

तिने करंगळीचं नख दाखवलं.

“आणि मी मटण सोडून बसलो.” तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

“शिव्या घाल मला.”

“घालीन की. आठवड्यातले तीन दिवस इथेच पडलेला असतो, वेळच वेळ आहे.” मग आवाज उतरला. “एवढी घाई कसली होती गं तुला त्या दिवशी?”

सप्टेंबरातला शुक्रवार होता तो. डोंगरावरचे कळप खाली आले होते, आणि ज्याच्या त्याच्या मेंढ्या निवडून वेगळ्या करायच्या वाड्यावरून टोरफीनेच तीनदा फोन केला होता: सगळे जमलेत, तुझ्यावाचून गाणी अडलीत, टाक ते काम आणि ये. ती सही ठोकून निघाली होती. संध्याकाळभर याच्याच खांद्यावर हात टाकून गायली होती.

“कसलीच नव्हती,” ती म्हणाली. “मीच नीट बघितलं नाही.”