गारंबीचं मूळ

नोटीस सकाळी नऊला चिकटली: 'धोबीखान्याच्या छपरावरील गारंबीची वेल आज चार वाजेपर्यंत मुळापासून तोडावी.' खाली अभियंत्यांची सही. सव्वानऊला आत्या माझ्या टेबलासमोर उभी होती, हात कोपरापर्यंत ओले.

"शास्त्रज्ञीणबाई, काहीतरी कर. वेल गेली तर सोमवारपासून धोबीखान्याला कुलूप."

मी वनस्पती उद्यानात वेलींची नोंद ठेवते. नोकरीला तीन महिने झालेत. आत्याचा धोबीखाना उद्यानाच्या मागच्या भिंतीला टेकलेला. तिथे फक्त लोकर आणि रेशीम धुतलं जातं. पावडरीने रेशमाची चमक जाते आणि आत्याच्या बोटांना भेगा पडतात, म्हणून ती गारंबीची साल कुटून पाण्यात घुसळते. सालीत सॅपोनिन असतं, त्याचा दणदणीत फेस होतो. 'सॅपोनिन' हा शब्द मी तिला शिकवला. फेस तिने मला शिकवला. कपडा वाळला की वेलीच्याच गुळगुळीत, तपकिरी, घड्याळाच्या तबकडीएवढ्या बीने ती कॉलर घोटते.

"आत्या, तोडण्याआधी वहीत 'मूळ कुठे' हा रकाना भरावा लागतो. ज्याच्या आवारात मूळ, त्याची वेल. परवानगी त्याने द्यायची. गारंबीचा रकाना कोरा आहे."

"म्हणजे मूळ माझ्या आवारात निघालं तर?"

"तू नाही म्हणायचं. संपलं."

"मग बसलीस काय? ऊठ!"

धोबीखान्यात करवतवाला आधीच येऊन चहा पीत होता. तोही आत्याचाच चहा. "मला काय हो, दाखवाल तिथे कापतो," असं म्हणून त्याने माझ्या तीस मीटरच्या टेपचं टोक हातात घेतलं.

छपरावर वेल मांडीएवढी जाड, चपटी आणि पिळवटलेली होती, कुणीतरी भला मोठा टॉवेल पिळून ठेवल्यासारखी. वेल मुळाकडे जाड होत जाते, हे मला पाठ होतं. पश्चिमेकडे ती जरा जाड वाटली. आम्ही पश्चिमेला निघालो. छपरावरून आंब्यावर, आंब्यावरून चिंचेवर. मी फांदीवर, करवतवाला शिडीवर, आत्या खाली साडी खोचून धावतेय आणि ओरडतेय, "डावीकडे! अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" मीटरभर लांबीच्या शेंगा डोक्याला टकाटक लागत होत्या. अठ्ठावन्न मीटरनंतर वेल बोटाएवढी झाली, मग पेन्सिलीएवढी, आणि शेवटी पानाच्या टोकाच्या तणाव्याने एका दोरीला घट्ट मिठी मारली. दोरीवर आत्याचाच स्वेटर वाळत होता.

"हे मूळ?" आत्याने विचारलं.

"हे टोक," मी कबूल केलं. आम्ही गोल फिरून धोबीखान्यामागेच उतरलो होतो.

"दिलेली पदवी परत घेतात का गं?"

करवतवाला इतका हसला की त्याला शिडीवरून उतरवावं लागलं. साडेबारा वाजले होते.

परत छपरावर. आता पूर्वेला. भिंत ओलांडून वेल शिवणवर्गाच्या खिडकीत शिरली होती. आत वीस बायका आणि वीस मशिनं, आणि वेलीवर पडदा लावलेला. "पडद्याचा दांडा आहे तो," शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या. मी वाकून पिळे मोजले, तशा वीसही बायका आपापल्या टेपा घेऊन उठल्या. "घेर किती?" "बेचाळीस सेंटिमीटर!" "माझ्याकडे त्रेचाळीस!" "तू सैल धरतेस, ब्लाऊजही तसेच शिवतेस." हसण्याच्या गदारोळात वेल दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडली आणि आम्ही तिच्यामागे, कारण दाराने जायला वेळच नव्हता. खिडकी उतरताना आत्याचं वय अठ्ठावन्न नाही, अठरा होतं.

आणि पुढे दिसली ती अभियंता कार्यालयाची मागची भिंत. छताखाली एक भोक. वेल भोकात गेली होती.

साडेतीनला आम्ही तिघे साहेबांच्या खोलीत घुसलो. माझ्या केसांत पानं, करवतवाल्याच्या गळ्यात टेप, आत्याच्या हातात का कोण जाणे, शिवणवर्गाची कात्री.

"मूळ सापडलं?" साहेबांनी विचारलं.

मी वर पाहिलं. भोकातून एक जाडजूड राखाडी पाइप खाली येत होता आणि साहेबांच्या खुर्चीमागे फरशीत शिरत होता. त्यावर पांढऱ्या रंगात नीट लिहिलं होतं: पाइप क्र. ७. पाइपाच्याच एका खुंटाला साहेबांचा लोकरीचा कोट टांगलेला.

"साहेब, हा पाइप पिळवटलेला का आहे?"

"जुना आहे. अकरा वर्षांपूर्वी इथला व्हरांडा बंद करून खोली केली, तेव्हापासून. दरवर्षी मी स्वतः तपासतो. दरवर्षी रंग देतो."

मी नखाने रंग खरवडला. खाली साल. आत्याने सालीचा भुगा थुंकी लावून तळहातावर चोळला, आणि फेस आला.

करवतवाल्याने घड्याळ पाहिलं, करवत उचलली आणि साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "मूळ हेच ना? कापू?"

"थांब!" साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांनी कपाटातून तपासणीची फाइल काढली. पाइप क्र. ७: सुस्थितीत, गळती नाही. खाली अकरा सह्या, सगळ्या त्यांच्या. "बाई, मूळ सापडलं नाही, असं लिहा."

"खोटं कसं लिहू?"

"मग काय लिहिणार?"

मी रकान्यात लिहिलं: 'अभियंता कार्यालय, पाइप क्र. ७.' वही त्यांच्यापुढे सरकवली. "मूळ तुमच्या आवारात आहे, साहेब. परवानगी तुम्ही द्यायची. पण मग फाइलीत लिहावं लागेल की सुस्थितीतला पाइप क्र. ७ तोडला. का तोडला, तेही."

साहेबांनी वहीकडे पाहिलं, फाइलीकडे पाहिलं, मग कोटाकडे. "हा कोट कुठे धुतला जातो, माहीत आहे?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"माझ्याकडे," आत्या म्हणाली. "अकरा वर्षं. ह्याच पाइपाने."

तीन वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी 'परवानगी नाही' असं लिहून सही केली. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग साहेब जे हसत सुटले ते थांबेचनात. करवतवाला टेबलाला धरून उभा होता. आत्या कात्री हवेत नाचवत म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी रंग नको हं. सालीला लागतो."

टेप गुंडाळताना मी एकूण लांबी मांडली: एकशे तेरा मीटर. मग आठवलं, शिवणवर्गातला पडद्याचा भाग दोनदा मोजला होता. मी आकडा खोडला आणि आत्याला घेऊन परत खिडकीतून आत गेले.