ठिपक्यापुढे घर

सन २०१९ची गोष्ट. अंजनगाव सुर्जीत मैनाबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन महिन्यांमागे गेलेला त्यांचा मुलगा नितेश म्हणे संगणकात परतला होता!

विकायचा म्हणून घरच्यांनी तो संगणक दुकानदाराकडून पुसून कोरा करून आणला होता. तरी पडद्यावर इंग्रजीत उमटायचं : नितेश, एक ठिपका, पुढे घर. गावात आलेले भगवंतमहाराज इंटरनेटची तार उपटून यंत्र पुन्हा सुरू करत, की नाव गायब. मंत्र पुटपुटून तार खोचली, की नाव हजर!

"तारेतून आत्मा ये-जा करून राहिला, माय. पाच दिवस निर्जळी धर, बोलन तो तुयाशी."

तिसरा दिवस होता. मैनाबाईंची जीभ टाळूला चिकटली होती.

"आत्याबाई, घोटभर घ्या जी," सून पौर्णिमा रडत होती. 

"पोरगा येते म्हन्ते, अन् मी पानी पिऊ?" मैनाबाई म्हणाल्या.

शेवटी पौर्णिमाने शाळेत संगणक शिकवणाऱ्या प्रतीक्षाबाईंना आणलं.

"महाराज, आत्म्याले वायर लागते काहून जी?" बाईंनी विचारलं.

लोक हसले. महाराजांनी डोळे मिटले.

प्रतीक्षाबाई मैनाबाईंजवळ बसल्या. "मावशी, लग्नात तांदळात तुमचं नवं नाव लिहिलं होतं ना?"

"हो. माहेरची मी गंगू. मैना यायनं ठेवलं."

"हे यंत्रही तसंच. कोरं झालं, नाव गेलं. तार लावली की भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याले विचारते, मी कोन? यंत्राचा कारखान्यातला नंबर पुसला जात नाही. डबा तो नंबर ओळखते, अन् आपल्या यादीतून नाव देते, नितेश. वर ठिपक्यापुढे घरान्याचं नाव देते, घर."

"यादी कोनं लिहिली?"

"तुमच्या नितेशनं. जिता असताना."

बाईंनी डब्याच्या यादीत नाव बदललं, यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर आलं : मैना, ठिपका, घर.

"आता सांगा महाराज, मावशी इथं बसल्या, मंग आत कोन हाये?"

मैनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे तो... येत नाही?"

"नाही, मावशी."

मैनाबाई सुनेकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "पौर्णिमा, पानी आन."

महाराज चपला विसरून पळाले. पूर्वी ते अकोल्यात अशाच तारा जोडायचे, हे मागाहून कळलं. पौर्णिमा त्याच संगणकावर लोकांचे अर्ज भरते. प्रतीक्षाबाई अजून शाळेत आहेत. दरवर्षी मुलांना तशाच डब्याची यादी उघडून दाखवतात.

मैनाबाई आणखी चार वर्षं जगल्या. यादीत त्यांनी नितेशचं नाव परत घालून घेतलं होतं. "तो नाही, ठाव हाये मले. पन ते नाव त्यानंच लिहिलं व्हतं." अन् कोणी नवा चमत्कार सांगत आलं, की म्हणायच्या, "रडा बापा, पोटभर रडा. पन हात जोडाच्या आंधी, तार कोनं लावली ते इचारा."